त्रेसष्ट नंबरच्या सशाची शेवटची बाटली

वोंजू,
२४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप थोरल्या जाऊबाई,

धाकट्या जावेचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार. (गुडघ्याने यंदा संप केल्यामुळे नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे. पण मनाने मी पार फरशीपर्यंत गेले होते, तेव्हा तो पुरता पोचला असं समजावं.) आपली कंबर आता कशी आहे? वर्षाच्या किमचीचे एकशे चाळीस कोबी चिरून, मिठात घालून, धुऊन, मसाला चोळून झाल्यावर आपण म्हणालात, ‘मला काही झालेलं नाही, तुम्हीच सगळ्या नाजूक.’ आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला गाडीत बसताना दोघांनी धरावं लागलं, हे मी पाहिलं. पट्ट्या लावताय ना? मोठ्या भाऊजींचा खोकला उतरला का? त्यांना म्हणावं, नाशपातीत मध घालून उकडून खा आणि अंगणात उभं राहून सिगारेट ओढायची ती निदान आपल्या खिडकीखाली तरी ओढू नका. आम्ही इकडे ठीक. तुमचे धाकटे दीर रोज जेवताना तुमच्या किमचीचं कौतुक करतात आणि ते नेमकं माझ्याकडे बघत करतात. मी ऐकून घेते.

फोन आहे, व्हिडिओ आहे, आपल्या नातीच्या, दानबीच्या हातात तर तो चोवीस तास आहे, मग ही बाई पत्र का लिहीत बसली, असं आपल्या मनात आलंच असेल. सांगते. जाऊबाई, लग्न होऊन मला एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत फोनवर आपण माझं एकही वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. मी ‘जाऊबाई, ते काय झालं’ एवढं म्हणेपर्यंत आपण ‘काय झालं ते मला माहीत आहे’ म्हणता आणि आपल्याला जे माहीत असतं ते अर्धा तास सांगता. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं. तर कृपा करून फाडू नका, शेवटपर्यंत वाचा, आणि शेवटाच्या खाली जे ताजा कलम असतील तेही वाचा. या वेळी मी माझं म्हणणं पुरं केल्याशिवाय राहणार नाही. विषय दानबीचा आहे.

आता सुरुवात मला सशापासून करावी लागेल. (‘सशाचा काय संबंध?’ हे आपण मोठ्याने म्हणालात, मला इथे ऐकू आलं.) आमच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षांपूर्वी त्रेसष्ट नंबरचा एक पांढरा ससा होता. उजवा कान कायम पडलेला, स्वभावाने अत्यंत आडमुठा. त्याला आम्ही माणसाचं वाढीचं हार्मोन थोडं थोडं टोचत असू. सशाच्या अंगात ते परकं. मग त्याच्या रक्ताने त्याला ओळखायला शिकून घेतलं आणि ओळखून धरणारी वस्तू तयार केली. तिला अँटीबॉडी म्हणतात. माणसाच्या रक्ताच्या एका थेंबात हजार तऱ्हेची द्रव्यं असतात. त्यातून वाढीचं हार्मोन तेवढं ही अँटीबॉडी नेमकं पकडते, बाकी कोणाकडे ढुंकूनही बघत नाही. ते किती पकडलं गेलं हे मोजलं की त्या मुलाच्या अंगात हार्मोन किती आहे ते कळतं. साठ-सत्तर सशांवर हा उद्योग झाला, पण त्रेसष्टाची सर कोणाला आली नाही. त्याच्या अँटीबॉडीवर मी या जिल्ह्यातल्या किती मुलांचं रक्त तपासलं त्याची गणती नाही. ससा जाऊन बारा वर्षं झाली. दर ऑक्टोबरात आमच्याकडे प्रयोगातल्या प्राण्यांसाठी पूजेचं टेबल मांडतात, त्यावर मी त्याच्यासाठी म्हणून वेगळी गाजरं ठेवते आणि वाकून नमस्कार करते. यंदा आमचे साहेब, मेंग, यांनी त्या टेबलावर पीचचा डबा आणून ठेवला! एवढा शिकलेला, परदेशी राहून आलेला माणूस. पण पूजेच्या टेबलावर पीच ठेवलं की आलेला आत्मा उलट्या पावली पळतो, हे घरी कोणी शिकवलं नाही. मी तो डबा उचलून टेबलाखाली सरकवला, पण तोवर किती वेळ गेला होता कोण जाणे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

सशाच्या अँटीबॉडीच्या आता दोनच बाटल्या उरल्या होत्या. अंगठ्याएवढ्या. दुसरा ससा पुन्हा तीच अँटीबॉडी देत नाही; तो देईल ती त्याची स्वतःची, वेगळी. म्हणजे या दोन बाटल्या संपल्या की त्रेसष्ट नंबर संपला. मेंग साहेबांना याचं काहीच वाटत नाही. त्यांनी नवं यंत्र आणलं आहे, त्याच्याबरोबर अँटीबॉडी तयार डबीत येते, डबी आत सरकवायची आणि कॉफी प्यायला जायचं. वय एकोणचाळीस. मला म्हणतात, ‘ग्वाकबाई, तुम्ही त्या सशाला आता सुखाने निवृत्त होऊ द्या.’ मी म्हटलं, साहेब, ससा बारा वर्षांपूर्वीच निवृत्त झालाय, तुम्ही माझ्याबद्दल बोलताय का? ते लाल झाले. मनाने वाईट नाहीत हो.

ऑक्टोबरच्या शेवटी आमचा जुना फ्रीज बंद पडला. नव्याला तीन आठवडे लागणार. नव्या यंत्राबरोबर आलेल्या छोट्या फ्रीजमध्ये साहेबांच्या डब्यांनी जागा व्यापलेली. तेव्हा मला आपण चार वर्षांपूर्वी दिलेला किमचीचा फ्रीज आठवला. (दिलात, हे खरं. दर सणाला आठवण करून देता, हेही खरं.) तो आमच्या प्रयोगशाळेतल्या जेवणाच्या खोलीच्या बोळात उभा असतो. डावा कप्पा, उजवा कप्पा, वर उघडणारी झाकणं. आपल्याला सांगायला नको, थंडी धरून ठेवण्यात त्याचा हात धरणारं काही नाही. प्रयोगशाळेतला फ्रीज दर उघडझापीला दोन अंश सोडतो, हा अर्धाही सोडत नाही. मी डावा कप्पा सोडा लावून धुतला, आत थर्मामीटर ठेवला, दोन दिवस पहारा केला, आणि मग त्या दोन बाटल्या ठेवल्या. झाकणावर लाल अक्षरात लिहिलं: खाण्याचं नाही. खाण्याच्या वस्तूंच्या फ्रीजमध्ये असलं काही ठेवू नये असा नियम आहे. पण मी उजवा कप्पा रिकामा ठेवला होता, म्हणजे तो खाण्याच्या वस्तूंचा फ्रीज उरला नव्हता. असं मी माझ्या मनाला पटवलं.

आता दानबी. नवीन यंत्राचा तिचा निकाल किमची घालायच्या आदल्या दिवशी आला. हार्मोन उसळवणारं औषध देऊन दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं, पाच नळ्या, त्यातला सगळ्यात वरचा आकडा आठ पूर्णांक सात. हवा दहाच्या वर. दुसऱ्या दिवशी अंगणात बारा बायका कोबीला मसाला चोळत असताना आपण हातमोजे वर करून जाहीर केलंत, ‘पोरीत हार्मोन कमी आहे. इंजेक्शनं सुरू करायची. रोज एक.’ मग आपण बाकीचंही जाहीर केलंत: आपल्या घराण्यात बुटकं कोणी नव्हतंच, आपण स्वतः लग्नाआधीपासून एकशे पंचावन्न सेंटिमीटर, सून एकशे त्रेसष्ट, मुलगा ह्योनतेक तर एकशे चौऱ्याहत्तर, मग ही पोरगीच वर्गात पहिल्या बाकावर का? ‘मी काही बुटक्या नातीचं तोंड बघून डोळे मिटणार नाही.’ बायका हो हो म्हणाल्या. दानबी माझ्या शेजारी मुळ्याचे तुकडे करत होती. सात वर्षांची पोर, पाच वेळा रक्त दिलं तेव्हा रडली नाही असं नर्स सांगत होती. तिने मला हळूच विचारलं, ‘धाकट्या आजी, रोज म्हणजे रविवारीपण?’ मी म्हटलं, हो, रविवारीपण. ‘वाढदिवसालापण?’ हो. ‘किती वर्षं?’ मी म्हटलं, तुकडे जरा लहान कर. जाऊबाई, त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की त्रेसष्ट नंबरने हे रक्त एकदा बघितल्याशिवाय या पोरीला सुई लागू द्यायची नाही. हार्मोन खरंच कमी असेल तर मी स्वतः येऊन टोचीन, रोज, रविवारीसुद्धा. पण आधी खात्री. कारण ते ‘दहा’ जे ठरलं ना, ते जुन्या पद्धतीवर, आमच्या त्रेसष्टासारख्या अँटीबॉड्यांवर ठरलेलं. नवीन यंत्राची अँटीबॉडी वेगळी, तिची पकडायची तऱ्हा वेगळी.

सोमवारी आपण तिला घेऊन डॉक्टरांकडे आलात तेव्हा मीच डॉक्टरांना आधी फोन केला होता, हे आता कबूल करते. आकडा काठावरचा आहे, उरलेल्या रक्तावर जुनी चाचणी करून द्या, असं त्यांनी म्हणूनच लिहून दिलं. आपल्याला वाटलं डॉक्टर घाबरट आहेत. मग आपण दोघी प्रयोगशाळेत आलात, किमचीचा वीस किलोचा डबा घेऊन, ‘माझा फ्रीज कसा ठेवलायस बघू’ म्हणून. माझ्या घरचा फ्रीज भरला होता, डबा परत नेणं आपल्याला अपमान वाटला असता, आणि मेंग साहेब तर आपल्याला बघून कमरेत वाकले ते सरळच होईनात. शेवटी डबा उजव्या कप्प्यात गेला. आपण झाकणाजवळ उभ्या होतात. बटणांच्या अगदी समोर. मी कोणाचं नाव घेत नाही.

बुधवारी सकाळी मी दानबीच्या नळ्यांवर काम सुरू करायचं म्हणून बाटली काढायला गेले. बोळात शिरताच वास आला. चांगला आंबूस, तोंडाला पाणी सुटेल असा. बघते तर उजव्या कप्प्यावर ‘पिकवणे’चा दिवा. ते समजू शकतं; ताजी किमची ठेवली की दोन दिवस पिकवायला ऊब द्यायची, हे आपल्यापैकी कोणत्या बाईला शिकवावं लागतं? पण डाव्या कप्प्यावरही ‘पिकवणे’! झाकण उघडलं. थर्मामीटरवर अठरा. सोमवार दुपारपासून बुधवार सकाळपर्यंत, सोळा वर्षं जिवापाड जपलेली त्रेसष्ट नंबरची अँटीबॉडी मी किमचीसारखी पिकवत ठेवली होती. पहिलं काय आठवलं सांगू? पीच. तो डबा. मी त्या बोळात उभी राहून सशाची माफी मागितली, मोठ्याने, आणि मागे बघते तर मेंग साहेब कॉफीचा पेला घेऊन उभे.

त्यांना सांगावंच लागलं. सगळं. खाण्याच्या फ्रीजसकट. जाऊबाई, तीस वर्षांच्या नोकरीत इतकं लाजिरवाणं मला कधी झालं नव्हतं. साहेब म्हणाले, ‘ग्वाकबाई, नियम साधा आहे. तापमान चुकलं की टाकून द्यायचं.’ मी म्हटलं, नियमाची पुढची ओळ वाचा. ते म्हणाले, ‘पुढची ओळ?’ मी कपाटातून ती फाईल काढली (ती मीच टाईप केली होती, ते चड्डी घालून शाळेत जात असताना) आणि त्यांच्यापुढे ठेवली: टाकून द्यायचं, किंवा अजून चांगलं आहे हे सिद्ध करायचं. ते म्हणाले, ‘पण कशासाठी एवढं? यंत्राने सांगितलंय ना.’ मी म्हटलं, साहेब, त्या मुलीला रोज एक सुई, वर्षाच्या तीनशे पासष्ट, आणि ही सात-आठ वर्षं तरी चालणार. आपण दोन दिवस द्यायचे नाहीत? त्यांनी कॉफी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘नळ्यांवरची नावं मी काढतो. नंबर मी घालतो. तुम्हाला कोणती कोणाची ते कळता कामा नये. नाहीतर तुम्हाला हवा तो आकडा तुम्हाला दिसेल.’ मला राग आला. मग मला कळलं की माणूस बरोबर बोलतोय. मी म्हटलं, घाला.

ज्यांची उत्तरं आम्हाला आधीच पक्की ठाऊक आहेत असे जुने नमुने आमच्याकडे गोठवून ठेवलेले असतात. ते बारा, दानबीच्या पाच नळ्या, आणि साहेबांनी आपल्या मनाने मिसळलेल्या आणखी काही. एकूण चोवीस नंबर. मी बाह्या वर केल्या आणि बसले. सगळं तीनतीनदा केलं. गुरुवारी दिवसभर, शुक्रवारी पुन्हा पहिल्यापासून. बाटली उघडली की खोलीत किमचीचा वास यायचा (बाहेरून लागलेला, आत काही गेलं नव्हतं, मी शपथेवर सांगते) आणि शेजारच्या खोलीतल्या मुली दर तासाला येऊन विचारायच्या की जेवणाची सुट्टी झाली का. साहेब माझ्या पाठीमागे स्टूल टाकून बसले होते. एकदा म्हणाले, ‘हात थरथरत नाही हो तुमचा.’ मी म्हटलं, एकशे चाळीस कोबींवर तयार झालाय. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी आपली यादी काढली आणि माझे आकडे शेजारी मांडले. जुन्या बारा नमुन्यांपैकी बाराही बरोबर. एकही इकडचा तिकडे नाही. दोन दिवस अठरा अंशांवर राहूनही तो आडमुठा ससा तसाच होता! मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मग त्यांनी दानबीच्या नळ्यांचे नंबर सांगितले. सगळ्यात वरचा आकडा: बारा पूर्णांक चार.

साहेब माझ्याकडे बघतात, मी साहेबांकडे. यंत्र म्हणतं आठ पूर्णांक सात, ससा म्हणतो बारा पूर्णांक चार, आणि रक्त एकच. मला वाटलं ते आता यंत्राची बाजू घेतील. त्यांनी यंत्राचं माहितीपुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. चौदाव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, लिहिलेलं होतं की या अँटीबॉडीने मोजलं तर आकडे खाली येतात, म्हणून इथे दहा धरू नये, सात पूर्णांक चार धरावं. ते पान आमच्यापैकी कोणीच वाचलं नव्हतं. यंत्र आल्यापासून आम्ही नव्या पट्टीने मोजत होतो आणि जुन्या पट्टीवरची खूण बघत होतो. साहेबांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, ‘म्हणजे दोन्ही खरं बोलतायत.’ मी म्हटलं, हो, आपणच ऐकत नव्हतो. पुढच्या सोमवारपासून त्यांनी स्वतः बसून यंत्र आल्यापासूनचे काठावरचे सगळे निकाल पुन्हा काढले, आणि एकेका डॉक्टरांना स्वतः फोन केला. हे मला आवडलं. सशाची उरलेली बाटली आता साहेबांच्या फ्रीजमध्ये, त्यांच्या डब्यांच्या पुढे, पहिल्या रांगेत आहे.

तर जाऊबाई, निकाल असा: दानबीच्या अंगात वाढीचं हार्मोन पुरेसं आहे. दोन्ही मापांनी. डॉक्टरांनी कागद पाहिले, इंजेक्शन नको म्हणाले, सहा महिन्यांनी उंची मोजून बघू म्हणाले. इंजेक्शनांसाठी आपण आपल्या फ्रीजचा डावा कप्पा रिकामा करून ठेवलाय हे मला ह्योनतेकने सांगितलं. त्यात मुळ्याची किमची परत ठेवावी. पोर लहानखुरी आहे, एवढंच. लहानखुरं असणं हा आजार नाही, आणि असला तर मग आपल्या घरात त्याची साथ आहे. आपल्याला राग येईल हे मला माहीत आहे. यावा. पुढच्या सणाला मी समोर बसून बोलणी खाईन. पण या एका बाबतीत मी मागे हटणार नाही, हे आपण कृपा करून लक्षात घ्यावं.

मोठ्या भाऊजींना नमस्कार. दानबीला माझ्यातर्फे दोन्ही गालांवर. कमरेला पट्टी लावा.

आपली धाकटी जाऊ,
ग्वाक म्योंगजा

ता. क. पत्र पाकिटात घालून झालं होतं, ते पुन्हा उघडलं. कारण आमच्या बोळात कॅमेरा आहे आणि मेंग साहेबांनी त्या सोमवारचं चित्रण आज मला दाखवलं. आपण झाकणासमोर उभ्या आहात, ते दिसतं. पण आपण दोन्ही हात पाठीमागे धरून माझ्या भिंतीवरचा डाग बघताय. डबा आत जातो. मग एक जाडजूड बाई, तोंडाने काहीतरी बोलत (मी आपल्याला चाखायला वाटी आणू का विचारत होते), उजवं झाकण लावते, ‘पिकवणे’ दाबते, लगेच डावीकडे वळते, आणि त्याही झाकणावर ‘पिकवणे’ दाबते. तिकडे बघतही नाही. एकतीस वर्षं दर नोव्हेंबरात आपल्या घरी दोन्ही कप्पे भरून दोन्ही बटणं दाबली, तो हात आपोआप गेला. लाल अक्षरं त्याच बाईने लिहिलेली आहेत. वर मी जिथे ‘कोणाचं नाव घेत नाही’ असं लिहिलंय, तिथे माझं घालून वाचावं. दोन आठवडे मी मनातल्या मनात आपल्याला फार बोलले. त्याबद्दल मनापासून क्षमा.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. डॉक्टरांना आधी शंका का आली हे मी विचारलं. ते म्हणाले, आईवडिलांच्या उंचीची सरासरी काढून, मुलीसाठी त्यातून साडेसहा वजा करून ती किती वाढेल याचा अंदाज काढतात, आणि फॉर्मवरच्या उंचीवरून दानबी एकशे बासष्टपर्यंत जायला हवी; त्या मानाने ती आत्ताच मागे आहे. मी फॉर्म बघितला. ह्योनतेक एकशे चौऱ्याहत्तर. सून एकशे त्रेसष्ट. जाऊबाई, ह्योनतेक सैन्यात गेला तेव्हा त्याला एकशे अडुसष्ट मोजलं होतं, कागद आपणच मला दाखवला होता. सुनेचा लग्नाचा पोशाख मी शिवून घेतला. ती टाचांशिवाय एकशे छप्पन्न आहे. हे आकडे घातले की अंदाज निघतो एकशे साडेपंचावन्न, आणि दानबी त्याच्या बरोब्बर रेषेवर चालली आहे. म्हणजे पोरीच्या पाच नळ्या रक्त गेलं ते आपल्या घराच्या खोट्या सेंटिमीटरांपायी. आता सहा महिन्यांनी पुन्हा तोच फॉर्म भरायचा आहे. तर माझी विनंती एवढीच: येत्या रविवारी सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला अनवाणी टेकून उभं राहावं, डोक्यावर डब्याचं झाकण आडवं धरावं आणि पेन्सिलीने खूण करावी. आणि पहिल्या आपण उभं राहावं. मोठ्या जाऊबाईंनी खरं सांगितलं तर बाकी कोणाची खोटं सांगायची टाप नाही, हे आपल्यालाही माहीत आहे. (मी माझं केलं. कार्यालयातल्या कागदावर मी एकशे साठ आहे. चौकटीवर एकशे त्रेपन्न भरले. गुडघ्याला दोष देऊन पाहिला, पण दार ऐकेना.)

ता. क. तिसरा, आणि खरोखर शेवटचा. हा लिहू की नको असा विचार केला, कारण मी शब्द दिला होता. पण आपण कदाचित उभ्या राहणार नाही, म्हणून लिहिते. त्या सोमवारी दानबीने माझ्याकडून डबे बांधायची दोरी मागून घेतली होती. काल फोनवर तिने सांगितलं ती कशाला. आपण दुपारी उबदार फरशीवर झोपल्या होतात, तेव्हा तिने तुमच्या टाचेपासून डोक्यापर्यंत दोरी धरली आणि मग शाळेतल्या पट्टीने मोजली. तीनदा मोजली म्हणाली, धाकट्या आजीसारखी. एकशे सत्तेचाळीस. मग ती आवाज अगदी बारीक करून म्हणाली, ‘धाकट्या आजी, कोणाला सांगू नकोस हं. आजीला कळलं की डॉक्टरांना कळेल, आणि मग तिला रोज सुई टोचतील. रविवारीपण.’